परवाना मिळाल्यानंतर: कोकणातील स्त्रियांनी हँडगन झाकून आणि ताब्यात कशी बाळगावी

कोकणात बंदूक ही गोष्ट नवी नाही. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरी जिल्ह्यांतील कितीतरी घरांत शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची किंवा बारा बोअरची बंदूक आहे. वानरांपासून आणि रानडुकरांपासून बाग व भातशेती वाचवण्यासाठी ती घेतलेली असते, आणि निवडणूक जवळ आली की ती पोलीस ठाण्यात जमा करण्याचा विषय निघतोच. ही बंदूक लांब नळीची असते, घरात किंवा बागेत राहते आणि बहुतेक वेळा घरातल्या पुरुषाच्या नावावर असते. हँडगन, म्हणजे दिवसभर अंगावर बाळगायचे रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल, हा सर्वस्वी वेगळा प्रकार आहे. असे शस्त्र असलेल्या स्त्रिया आपल्याकडे थोड्याच आहेत: काजूचा कारखाना किंवा पेट्रोल पंप चालवणारी, चिरेखाणीचा व्यवहार बघणारी, सराफी पेढीवर बसणारी, धमक्या आलेली एखादी वकील, आणि पतीच्या निधनानंतर त्याचे शस्त्र वारसाहक्काने स्वतःच्या नावावर करून घेतलेली एखादी. त्यांना परवान्याची कागदपत्रे समजावणारे लोक भेटतात, पण साडी नेसलेल्या किंवा सलवार-कमीज घातलेल्या बाईने हे अर्ध्या किलोचे लोखंड नेमके कुठे आणि कसे ठेवायचे, हे समजावणारे कोणी भेटत नाही. हा लेख त्यासाठी आहे.

सुरुवातीलाच एक गैरसमज दूर करायला हवा. शस्त्र झाकून ठेवणे म्हणजे काहीतरी लपवाछपवी, असे अनेकींना वाटते. भारतातील नियम याच्या नेमके उलट आहेत. शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे सार्वजनिक ठिकाणी हँडगन न्यायची असेल, तर ती त्यासाठीच बनवलेल्या आणि अंगाला बांधलेल्या होल्स्टरमध्ये (शस्त्राच्या म्यानात), किंवा पाठपिशवीसारख्या पिशवीत असली पाहिजे. ती पूर्णपणे झाकलेली असली पाहिजे. आणि बाळगणाऱ्या व्यक्तीला तिच्यावर परिणामकारक ताबा ठेवता आला पाहिजे. सार्वजनिक जागी शस्त्र परजून दाखवण्यास मनाई आहे. म्हणजे झाकणे ही सवलत नसून बंधन आहे, आणि झाकलेले असूनही ताब्यात नसेल तर तेही चालत नाही. झाकलेले आणि ताब्यात, या दोन शब्दांवर प्रत्येक पद्धत पारखून घ्यावी. बाजारातील आकर्षक दिसणाऱ्या निम्म्याअधिक वस्तू या कसोटीवर टिकत नाहीत, असे माझे स्पष्ट मत आहे.

आधी कागद

शस्त्र अधिनियम, १९५९ प्रमाणे परवाना व्यक्तीच्या नावाने असतो, घराच्या नावाने नव्हे. पतीच्या परवान्यावरचे रिव्हॉल्व्हर पत्नीने पर्समध्ये टाकून एकटीने चिपळूणहून रत्नागिरीला जाणे, हा विनापरवाना शस्त्र बाळगण्याचा गुन्हा ठरू शकतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा गुन्ह्याला किमान दोन आणि कमाल पाच वर्षांच्या कैदेची तरतूद आहे. शस्त्राच्या दुरुस्तीसाठी किंवा परवान्याच्या नूतनीकरणासाठी परवानाधारकाच्या लेखी अधिकारपत्रावर शस्त्र नेता येते, पण ती तरतूद रोजच्या वापरासाठी नाही. ज्या घरात पतीला खरोखर धोका आहे आणि म्हणून पत्नीही भीतीत वावरते, तिथे पत्नीने स्वतःच्या नावाने अर्ज करावा, हाच सरळ मार्ग आहे. अर्जदाराचे वय २१ पूर्ण असावे लागते. अर्ज जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे अलिबाग, रत्नागिरी किंवा ओरोस येथील जिल्हाधिकारी कार्यालयात जातो, पोलिसांचा अहवाल मागवला जातो, आणि शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याच्या प्रशिक्षणाचे, सुरक्षित साठवणुकीचे व वैद्यकीय तंदुरुस्तीचे कागद लागतात. परवाना मिळेलच असे नाही. मात्र नाकारला तर कारणे नोंदवावी लागतात आणि त्याविरुद्ध अपील करता येते.

विधवांच्या बाबतीत एक गोष्ट हमखास चुकते. पतीच्या निधनानंतर शस्त्र कपाटात तसेच पडून राहते आणि दुःखाच्या दिवसांत कोणाला ते सुचत नाही. परवानाधारक गेल्यावर ते शस्त्र घरात ठेवणे कायदेशीर राहत नाही. ते पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यावी, आणि ठेवायचे असेल तर वारस म्हणून आपल्या नावाने अर्ज करावा. पती हयात असतानाही, त्याने सत्तर वर्षे पूर्ण केली असतील किंवा शस्त्र पंचवीस वर्षे बाळगले असेल, तर वारसाच्या नावे परवाना मागता येतो. हे वेळेवर केले तर पुढची पुष्कळ धावपळ वाचते.

दक्षिण कोकणासाठी आणखी एक मुद्दा फार महत्त्वाचा आहे. प्रत्येक परवान्यावर तो कोणत्या क्षेत्रापुरता वैध आहे, हे लिहिलेले असते. सावंतवाडी, बांदा, दोडामार्ग इथल्या लोकांचे बाजारहाट, दवाखाना, नातेसंबंध सगळे गोव्याशी जोडलेले असतात. म्हापशाला खरेदीला किंवा बांबोळीच्या रुग्णालयात जाणे त्यांना परराज्यात जाण्यासारखे वाटतच नाही. परवाना महाराष्ट्रापुरता असेल, तर पत्रादेवीला गोव्याची हद्द ओलांडताच तो परवाना त्या शस्त्राला संरक्षण देत नाही. अशा बाईने आपल्या परवान्यावरचा क्षेत्राचा रकाना आजच वाचून घ्यावा, आणि गोव्याला नेहमी जावे लागत असेल तर क्षेत्र वाढवून मिळण्यासाठी रीतसर अर्ज करावा. तोवर गोव्याला जाताना शस्त्र घरात कुलपात राहील.

शस्त्राचे आकारमान

सामान्य नागरिकाला ९ मिलिमीटरचे पिस्तूल मिळत नाही, कारण ते प्रतिबंधित वर्गात मोडते. त्यामुळे आपल्याकडे बहुतेक परवानाधारक .३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल घेतात. कानपूरच्या आयुध निर्माणीने जानेवारी २०१४ मध्ये स्त्रियांसाठी म्हणून ‘निर्भीक’ नावाचे .३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर आणले. त्याचे वजन ५०० ग्रॅम आणि तेव्हाची किंमत सुमारे सव्वा लाख रुपये होती. २०२३ मध्ये कानपूरमधूनच ‘प्रबल’ आले. ते सुमारे ७०० ग्रॅमचे आहे, आणि त्याचे गोळ्या ठेवायचे फिरते चक्र बाजूला उघडते, त्यामुळे गोळ्या भरण्यासाठी शस्त्र मधून मोडून उघडावे लागत नाही.

हलके शस्त्र बाळगायला सोपे असते, पण झाडताना ते हातात अधिक उसळते. स्त्रियांसाठी म्हणून जे विकले जाते ते हलके आणि छोटे असलेच पाहिजे, अशी एक समजूत आहे. ती अर्धवट आहे. शस्त्राच्या मुठीवर तर्जनीखालची तिन्ही बोटे बसत नसतील तर नेम आणि पकड दोन्ही जातात. विकत घेण्यापूर्वी रिकामे शस्त्र हातात धरून बघावे, आणि ट्रिगर आपल्याच तर्जनीच्या ताकदीने सरळ मागे येतो का, हे तपासावे. डबल अ‍ॅक्शन रिव्हॉल्व्हरमध्ये एकदा ट्रिगर ओढला की हॅमर (काडतुसावर आघात करणारा भाग) मागे जाऊन सुटतो, म्हणून त्याचा ट्रिगर लांब आणि जड असतो. अंगावर बाळगण्याच्या दृष्टीने हा जडपणा उपयोगाचा आहे, कारण कापड किंवा बोट चुकून लागल्याने तो सहज दाबला जात नाही. जुन्या घाटणीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये हॅमरला आतून अडवणारी व्यवस्था आहे की नाही, हे जाणकाराकडून बघून घ्यावे. नसेल तर चक्रातले हॅमरखालचे घर रिकामे ठेवूनच ते बाळगावे, म्हणजे सहाऐवजी पाच गोळ्या. पिस्तुलाच्या बाबतीत, हात पूर्ण तयार होईपर्यंत चेंबरमध्ये, म्हणजे नळीमागच्या घरात, गोळी न चढवता बाळगणे शहाणपणाचे.

होल्स्टर आणि कपडे

चांगल्या होल्स्टरची ओळख त्याच्या किमतीवरून होत नाही. त्याने ट्रिगर आणि ट्रिगरभोवतीची कडी पूर्ण झाकली पाहिजे, आणि ती अशा कडक पदार्थाने की बाहेरून दाबले तरी आत बोट जाणार नाही. शस्त्र उलटे धरून हलवले तरी ते पडता कामा नये. बाहेर काढल्यावर होल्स्टरचे तोंड मिटता कामा नये, नाहीतर परत ठेवताना दुसऱ्या हाताने तोंड उघडावे लागते आणि तोच हात नळीसमोर येतो. आणि ते अंगावर हलता कामा नये. नुसते कापडी, मऊ होल्स्टर या कसोट्यांवर नापास होते. कायडेक्ससारख्या कडक प्लास्टिकचे किंवा जाड, साच्यात बसवलेल्या चामड्याचे होल्स्टर घ्यावे. आपल्या दमट हवेत मी प्लास्टिकचीच बाजू घेईन.

पुरुषांच्या पद्धती स्त्रियांना का जमत नाहीत, याचे कारण शरीररचनेत आहे. पुरुषाच्या कमरेला पट्टा सरळ बसतो. स्त्रीची कंबर बारीक आणि नितंब रुंद असल्याने उजव्या कमरेवर लावलेले होल्स्टर खालून बाहेर ढकलले जाते आणि मूठ वर बरगड्यांत रुतते. धडाची उंची कमी असेल तर शस्त्र वर ओढून काढायला कोपर पुरेसे वर जात नाही. म्हणून बहुतेक स्त्रियांना कमरेच्या बाजूपेक्षा पुढचा भाग सोयीचा पडतो: बेंबीच्या उजवीकडे थोडे अंतर सोडून, किंवा डावीकडे मूठ उजवीकडे करून, म्हणजे उजवा हात पोटावरून आडवा जाऊन ती मूठ धरेल. ही आडवी पद्धत बसल्या जागी फार उपयोगी पडते, पण तिचे दोन तोटे आहेत. शस्त्र काढताना नळी डाव्या हातासमोरून फिरू शकते, म्हणून डावा हात छातीशी घट्ट घेण्याची सवय लावावी लागते. आणि आपल्याकडे मूल बहुधा डाव्या कडेवर घेतात. कडेवर मूल घेणाऱ्या आईने डाव्या बाजूला शस्त्र ठेवू नये, यात तडजोड नाही.

आता पोशाख. सलवार-कमीज हा सगळ्यांत सोयीचा पोशाख आहे, पण त्यातही एक अडचण आहे. सलवारीची नाडी अर्धा किलो वजन पेलत नाही. होल्स्टर तिच्यावर अडकवले तर दोन पावलांत सलवार एका बाजूने खाली ओढली जाते आणि बाई सारखी कमरेशी चाचपडत राहते, जे पाहणाऱ्याला लगेच कळते. त्यासाठी कमीजच्या आत, सलवारीच्या नेफ्यावर वेगळा, रुंद, न ताणणारा कमरपट्टा बांधावा आणि होल्स्टर त्यावर घट्ट बसवावे. सुती, थोडे जाड आणि नक्षी असलेले कापड शस्त्राचा आकार लपवते, तर जॉर्जेट आणि तलम सिल्क तो उघड करतात. कमीजची बाजूची चीर नेहमीपेक्षा दोन बोटे वर घ्यायला शिंप्याला सांगितले, तर हात सरळ आत जातो. ओढणी मात्र त्या बाजूला लोंबकळता कामा नये. ती होल्स्टरमध्ये शस्त्राबरोबर आत गेली, तर ट्रिगरमध्ये अडकण्याची भीती असते. जीन्स आणि सैल कुर्ता घालणाऱ्या मुलींना याहून कमी कष्ट पडतात, कारण जीन्सला खरा पट्टा लावता येतो.

साडीचा विचार थोडा सविस्तर करावा लागेल. परकराच्या नाडीला काही अडकवण्याचा विचारही करू नये. साडीसाठी पोटपट्टा हाच मार्ग आहे. हा रुंद इलॅस्टिकचा पट्टा परकराच्या वर, बेंबीच्या आसपास अंगाला लागून बांधला जातो आणि त्यात शस्त्रासाठी कप्पा असतो. त्या कप्प्यात पातळ कडक कवच असलेच पाहिजे, कारण नुसते इलॅस्टिक ट्रिगरचे रक्षण करत नाही. आता पदराची घडण बघा. आपल्या नेहमीच्या पाचवारी नेसण्यात साडी मागून उजव्या कमरेवरून पुढे येते आणि तिरकी डाव्या खांद्यावर चढते. त्यामुळे उजवी बाजू कापडाखाली चांगली झाकली जाते, पण तिथे हात शिरायला वाट नसते. डावीकडे पदराची कड मोकळी असते, तिथे हात सहज जातो, पण पदराच्या चुण्या काढून खांद्यावर पिन लावली की तीच बाजू उघडी पडते. म्हणजे साडीत झाकणे आणि हात पोहोचणे एकमेकांच्या विरुद्ध जातात. यावर उपाय असा की पदर चुण्या न करता एकपदरी मोकळा सोडावा, शस्त्र पोटाच्या डाव्या पुढच्या भागात मूठ उजवीकडे करून ठेवावे, आणि काढताना डाव्या हाताने पदराची कड वर उचलून उजवा हात खालून आत घालावा. शर्टसारखा लांब ब्लाउज किंवा वरून अर्धे जॅकेट घातले तर काम बरेच सोपे होते. लग्नकार्याला जरीची जड साडी नेसून, पदराला चार पिना लावून जायचे असेल, तर शस्त्र घरीच ठेवावे. अशा वेळी ते झाकलेही राहत नाही आणि ताब्यातही राहत नाही. नऊवारीत कासोट्यामुळे हालचाल मोकळी होते, पण पोटपट्ट्याची व्यवस्था हीच राहते.

मांडीला बांधायचे पट्टे आणि घोट्यावरचे होल्स्टर चित्रात छान दिसतात. आपल्याकडे चिखल, पायऱ्या, होडीत चढणे-उतरणे या सगळ्यांत घोट्यावरचे शस्त्र भिजते आणि घासते, आणि ते काढायला खाली वाकावे लागते. मांडीचा पट्टा चालताना घसरतो. अंतर्वस्त्राला अडकवायचे होल्स्टर तर मी कोणालाही सुचवणार नाही: त्यात नळी शरीराकडे किंवा शेजारच्या माणसाकडे वळलेली असते. अमेरिकेतील मिशिगन राज्यात २०१५ च्या जानेवारीत एक स्त्री असेच होल्स्टर नीट करत असताना गोळी सुटून मृत्युमुखी पडली.

पर्स

बहुतेक स्त्रियांना पहिला विचार पर्सचा सुचतो, आणि तो स्वाभाविक आहे. नियमातही पिशवीत नेण्याची मुभा आहे. तरीही अंगावर ठेवणे शक्य असताना पर्सचा पर्याय निवडू नये, असे मला ठामपणे वाटते. पर्स खाली ठेवली जाते, खुर्चीला अडकवली जाते, नणंदेच्या हाती दिली जाते, एसटीत वरच्या फळीवर जाते. दुचाकीवरून येणारा चोर नेमकी पर्सच ओढतो, आणि मग एकाच झटक्यात गोळ्या भरलेले शस्त्र चोराच्या हाती आणि परवानाधारक पोलीस ठाण्यात. लहान मुलांना तर आईची पर्स हे खाऊचे घर वाटते. २०१४ च्या डिसेंबरात अमेरिकेच्या आयडाहो राज्यातील एका दुकानात दोन वर्षांच्या मुलाने आईच्या पर्समधील पिस्तूल हाताळले आणि त्या गोळीने आईचाच जीव गेला. ती पर्स शस्त्र ठेवण्यासाठी खास बनवलेली होती आणि त्या आईकडे रीतसर परवानाही होता.

दुसरा पर्यायच नसेल, तर पर्समध्ये शस्त्रासाठी वेगळा, स्वतंत्र चेनचा कप्पा हवा आणि त्यात आत शिवून बसवलेले कडक होल्स्टर हवे. त्या कप्प्यात दुसरी एकही वस्तू नको; किल्ली, पेन, कंगवा, लिपस्टिक यांपैकी कशानेही ट्रिगर दाबला जाऊ शकतो. पट्टा रुंद आणि गळ्यातून आडवा घेण्याजोगा असावा, आणि कप्प्याचे तोंड पुढच्या बाजूला यावे. एसटीत पर्स मांडीवर, पट्टा अंगातच. घरी पोहोचल्यावर चप्पल काढण्याआधी शस्त्र पर्समधून काढून कुलपात जावे. रात्रभर पर्समध्येच पडून राहिलेले शस्त्र, हा अपघात घडण्याचा सगळ्यांत सोपा मार्ग आहे.

वाटेत आणि बाहेर

स्कूटरवरून जाणाऱ्या बाईने शस्त्र डिकीत ठेवू नये. डिकीचे कुलूप साध्या स्क्रू ड्रायव्हरने उघडते, आणि ते शस्त्र तिच्या ताब्यात आहे असे कोणीही म्हणणार नाही. पाठीच्या कण्यावर होल्स्टर ठेवणेही धोक्याचे, कारण पावसाळ्यात लाल मातीच्या निसरड्या रस्त्यावर घसरून पाठीवर पडले तर शस्त्राचा घाव मणक्याला बसतो. चारचाकीत चालकाच्या सीटबेल्टचे कुलूप डाव्या कमरेशी येते, म्हणून डाव्या बाजूच्या होल्स्टरला ते अडते. सीटबेल्ट आधी लावून, मग कमीज वरून सरळ करण्याची सवय ठेवावी. रेनकोट घातला की शस्त्र छान झाकले जाते पण हाताला सापडत नाही, आणि ओले कपडे अंगाला चिकटले की ते उघड दिसते. पावसाळ्यातील चार महिने कोकणात शस्त्र बाळगणे हे उन्हाळ्याहून वेगळे काम आहे, हे मान्य करून चालावे.

स्वच्छतागृहाचा प्रश्न कोणी बोलत नाही, पण स्त्रियांना तो रोजचा आहे. एसटी स्थानकावरील स्वच्छतागृहात पर्स दाराच्या खिळ्याला अडकवू नये आणि शस्त्र काढून बाजूच्या कट्ट्यावर तर मुळीच ठेवू नये. लोक ते तिथेच विसरतात. पोटपट्टा इथे सर्वांत चांगला, कारण कपडे सारले तरी तो जागचा हलत नाही. कमरपट्ट्यावरचे होल्स्टर असेल तर शस्त्र होल्स्टरमध्येच राहू द्यावे आणि पट्टा सोडताना एका हाताने घट्ट धरून ठेवावा. बाहेरच्या जागी शस्त्र होल्स्टरमधून वारंवार काढणे आणि ठेवणे हेच अपघाताचे मूळ असते.

काही ठिकाणी शस्त्र न्यायचेच नाही. मतदान केंद्राच्या परिसरात सशस्त्र जाणे लोकप्रतिनिधित्व कायद्याने गुन्हा आहे, परवाना असला तरी. न्यायालय, शाळा, सरकारी कार्यालये यांच्या प्रवेशद्वाराशी अडचण येणारच. ज्या दिवशी तिथे काम आहे त्या दिवशी शस्त्र घरीच ठेवावे. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली जिल्हा प्रशासन सणासुदीला आणि तणावाच्या काळात शस्त्रबंदीचे आदेश काढते. आंगणेवाडीच्या जत्रेसारख्या गर्दीत परवाना असूनही शस्त्र नेण्याचे कारण नाही, कारण त्या दाटीत ताबा म्हणतात तो राहतच नाही. चिपी किंवा मोपा विमानतळावरून जायचे असेल, तर शस्त्र अंगावर किंवा हातातील सामानात नेता येत नाही. ते रिकामे करून, विमान कंपनीला आधी कळवून, सोपवायच्या सामानातूनच जाते. पोलिसांनी थांबवले तर हात दिसतील असे ठेवून, आपल्याकडे परवाना आणि शस्त्र आहे हे आधी शब्दांत सांगावे आणि ते काढून दाखवायला जाऊ नये. परवान्याची मूळ प्रत नेहमी जवळ असावी.

घरी, गणपतीत

भाद्रपदात आणि शिमग्याला कोकणातील घर भरते. मुंबईचे चाकरमानी, त्यांची मुले, शेजारपाजारचे, आरतीला येणारी मंडळी. कोणता दरवाजा कोण उघडेल, याचा नेम नसतो. वर्षभर कपड्यांच्या घड्यांखाली सुरक्षित वाटणारी जागा त्या आठवड्यात मुलांच्या लपाछपीची जागा होते. शस्त्रासाठी भिंतीला किंवा जमिनीला पक्की बसवलेली, स्वतंत्र किल्लीची लोखंडी पेटी असावी, आणि किल्ली देवघराच्या खुंटीवर नव्हे तर परवानाधारक बाईच्या अंगावर असावी. काडतुसे वेगळ्या कुलपात. घरात पाहुणे असताना शस्त्र दाखवायला काढणे, कोणा भाच्याला हातात धरू देणे, फोटो काढणे, यातले काहीही करू नये. आनंदाच्या भरात हवेत गोळी झाडणे हा २०१९ पासून स्वतंत्र गुन्हा आहे. त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते.

शस्त्र कधी वापरता येते, याबद्दल थोडक्यात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत स्वसंरक्षणाचा हक्क कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार, अपहरण किंवा अ‍ॅसिड हल्ला यांची वाजवी भीती असेल, तर हल्लेखोराचा जीव जाईल इतपतही प्रतिकार करता येतो. पण गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही, पोलिसांची मदत मिळण्याइतका वेळ असेल तर हा हक्क चालत नाही, आणि भीती संपली की तो हक्कही संपतो. पळून जाणाऱ्या चोराच्या पाठीवर झाडलेली गोळी स्वसंरक्षण ठरवणे फार कठीण जाते. म्हणून ११२ हा क्रमांक बोटावर असणे आणि निसटण्याची वाट माहीत असणे यांची जागा शस्त्र घेत नाही.

सराव घरी करायचा तो पूर्ण रिकाम्या शस्त्राने. काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवून, चक्रातील सहाही घरे डोळ्यांनी आणि बोटाने तपासून, चिऱ्याच्या जाड भिंतीकडे तोंड करून. ज्या कपड्यांत बाहेर जायचे त्याच कपड्यांत सराव करावा. कमीज वर घेणे, मूठ नीट पकडणे, सरळ वर काढणे, ट्रिगरबाहेर बोट सरळ ठेवणे, आणि मग घाई न करता, बघत बघत परत ठेवणे. परत ठेवण्याचा सराव काढण्याहून अधिक करावा, कारण कपड्याचा घोळ त्याच वेळी होल्स्टरमध्ये शिरतो. खऱ्या गोळ्यांचा सराव मान्यताप्राप्त रेंजवर आणि प्रशिक्षकाच्या देखरेखीखालीच.

खारी हवा

समुद्राकाठच्या शस्त्राला सगळ्यांत मोठा शत्रू हवा आहे. अंगाला लागून बाळगलेले शस्त्र घामानेही भिजते. संध्याकाळी घरी आल्यावर ते सुरक्षित दिशेला धरून रिकामे करावे, गोळ्या मोजाव्यात, आणि सुती फडक्यावर शस्त्राच्या तेलाचे दोन थेंब घेऊन नळी, चक्राचा मागचा भाग आणि हॅमरच्या फटी पुसाव्यात. गंज पहिल्यांदा तिथेच, राईएवढ्या तांबूस ठिपक्यांनी दिसू लागतो. नखाने खरवडून निघतो तोवरच तो निघाला पाहिजे. खोबरेल तेल वापरू नये, कारण ते साकळून चिकट होते आणि आतले भाग अडतात. चामड्याच्या होल्स्टरला जूनमध्ये बुरशी धरते, म्हणून शस्त्र रात्री त्यात ठेवू नये. चामड्याच्या पट्ट्यात खोचून ठेवलेल्या काडतुसांच्या पितळेवर हिरवी कीट चढते, आणि अशी गोळी चक्रात अडकू शकते. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवून त्या दर महिन्याला बदलाव्यात. बाळगलेली काडतुसे पावसाळ्यानंतर रेंजवर सरावाला वापरून नवी घ्यावीत, परवान्यावर लिहिलेल्या संख्येच्या आतच.

परवान्याची मुदत आता पाच वर्षांची आहे, आणि नूतनीकरणाचा अर्ज ती संपण्याच्या पुरेसा आधी द्यावा. शस्त्र हरवले किंवा चोरीला गेले तर त्याच दिवशी पोलीस ठाण्यात लेखी कळवून पोच घ्यावी. आणि धोका ओसरला, किंवा हे ओझे रोज नीट सांभाळणे जमत नाही असे वाटले, तर परवानगी घेऊन ते परवानाधारक विक्रेत्याला किंवा दुसऱ्या परवानाधारकाला विकता येते, अथवा पोलीस ठाण्यात जमा करून परवाना परत करता येतो. त्यासाठी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेत साधा अर्ज पुरतो. जमा केल्याची पावती मात्र जपून ठेवावी, कारण पुढे कधी वारसाचा किंवा नव्या परवान्याचा प्रश्न निघाला तर पहिल्यांदा तीच मागतात.